झरमॅटला रेल्वेने: फिस्पपासून मॅटरहॉर्नच्या पायथ्यापर्यंत

स्वित्झर्लंडला निघालेल्या मराठी मंडळींच्या यादीत झरमॅट हमखास असते, पण वाट्याला येतो जेमतेम एक दिवस. पहाटे झुरिक किंवा इंटरलाकेनहून निघायचे, मॅटरहॉर्न शिखरासमोर फोटो काढायचे आणि रात्री मुक्कामाला परत. या धावपळीत फिस्प ते झरमॅट ही ३५ किलोमीटरची डोंगरवाट जाताना जेवणात आणि येताना डुलक्यांत निघून जाते. खरे तर झरमॅटला रेल्वेने जायचे ते याच ३५ किलोमीटरसाठी. हा लेख त्या वाटेबद्दल आहे: तिकीट कोणते काढायचे, कुठे बदलायचे, कोणत्या बाजूला बसायचे, काय चुकते आणि का चुकते.

गाव कसे आहे ते समजायला माथेरान डोळ्यांसमोर आणा. माथेरानला मोटारगाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, झरमॅटला त्या टेश या गावी थांबतात. तिथून पुढे खासगी मोटारीला बंदी. माथेरानची छोटी गाडी १९०७ सालची, झरमॅटची १८९१ ची. माथेरानच्या रुळांत दोन फुटांचे अंतर, झरमॅटच्या रुळांत एक मीटरचे. मोठा फरक वापराचा आहे. नेरळची गाडी हौसेची, झरमॅटची गाडी ही गावाची रोजची नाडी. शाळकरी मुले, हॉटेलांतले कामगार, बर्फावर घसरायला निघालेले पाहुणे, सगळे त्याच लाल गाडीने ये-जा करतात. म्हणून ती जवळजवळ तासाला सुटते आणि तिला आरक्षण लागत नाही.

कधी जावे

जुलै ते सप्टेंबर हा चालण्याचा, तळ्यांचा आणि मोकळ्या वाटांचा काळ. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात लार्चची झाडे पिवळीजर्द होतात, गर्दी ओसरते. आमच्या मते हाच सर्वांत सुंदर काळ, फक्त दिवस लहान होत चाललेला असतो हे लक्षात ठेवावे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत आणि पुन्हा मे महिन्यात बरीच हॉटेले व काही केबलकार दुरुस्तीसाठी बंद असतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे आधी तपासावेच, कारण दिवाळी नेमकी या मधल्या काळात येते. डिसेंबर ते एप्रिल बर्फाचा हंगाम. तेव्हा गाव देखणे असते, पण वाट अडण्याची शक्यताही तेव्हाच जास्त.

स्विस रेल्वेचे वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या मध्यास बदलते. मित्राने गेल्या वर्षी पाठवलेल्या वेळा यंदा लागू पडतीलच असे नाही.

व्हिसा शेंगेनचा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळी सुट्टीत भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. ३०,००० युरोंचे आरोग्यविमा संरक्षण सक्तीचे आहे. विमा घेताना डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, ते वाचून पाहा. झरमॅटसारख्या ठिकाणी हा खर्च कल्पनेतला नसतो.

तिकीट: आधी कागदावर बेरीज

झुरिक ते झरमॅट दुसऱ्या वर्गाचे एकेरी पूर्ण तिकीट शंभर फ्रँकच्या पुढे जाते. झरमॅटहून डोंगरमाथ्यावर जाणाऱ्या गोर्नरग्राटच्या गाडीचे परतीचे तिकीट ऐन उन्हाळ्यात वेगळे शंभराच्या पुढे. म्हणून सवलतीचे कोणते साधन घ्यायचे हा पहिला प्रश्न.

साधने मुख्यतः तीन. स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. फिस्प ते झरमॅट गाडी त्यात पूर्ण येते, गोर्नरग्राटला मात्र निम्मे तिकीट पडते. इथेच अनेकांची फसगत होते: पास आहे म्हणजे डोंगरमाथ्यापर्यंत सगळे फुकट, असा समज असतो. दुसरे साधन हाफ फेअर कार्ड. महिनाभर जवळजवळ सगळी तिकिटे अर्ध्या दरात, आणि गोर्नरग्राटलाही अर्धा दर. तिसरे, एका दिवसाचा सेव्हर डे पास, जो जितका आधी काढाल तितका स्वस्त.

बेरीज अशी करा. सगळ्या सहलीतल्या प्रत्येक टप्प्याचे पूर्ण भाडे एसबीबीच्या, म्हणजे स्विस सरकारी रेल्वेच्या अ‍ॅपवर पाहून एका स्तंभात लिहा. त्याच्या निम्म्यात हाफ फेअर कार्डाची किंमत मिळवा. दुसऱ्या स्तंभात पासाची किंमत लिहा आणि तीत गोर्नरग्राटसारख्या डोंगरी गाड्यांचे निम्मे तिकीट मिळवा. रोज गाव बदलणाऱ्यांना बहुतेक वेळा पास परवडतो. दोन गावी ठाण मांडून राहणाऱ्यांना हाफ फेअर कार्ड.

पास दोन प्रकारचा असतो. साधा सलग दिवसांचा, आणि फ्लेक्स हा महिन्याभरात हवे ते दिवस निवडण्याचा. झरमॅटला तीन दिवस राहणार असाल तर गावात चालताना सलग पासाचे दिवस वाया जातात, तिथे फ्लेक्स बरा. पंचविसाव्या वाढदिवसापर्यंतच्या तरुणांना पासात ३० टक्के सूट आहे.

मुलांचे गणित सोपे आहे. सहा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. सहा ते सोळाच्या आतील मुलांसाठी पासाबरोबर फॅमिली कार्ड मोफत मागून घ्यायचे. पण हे कार्ड आई किंवा वडील सोबत असतील तरच चालते. नातवंडांना घेऊन फक्त आजी-आजोबा निघाले असतील तर त्यावर विसंबू नका, मुलांची वेगळी सोय करा.

सुपरसेव्हर नावाची स्वस्त तिकिटे ठरावीक गाडीपुरतीच असतात. स्वतःच्या चुकीने गाडी चुकली तर तिकीट गेले. विमानतळावरून निघणाऱ्या पहिल्या प्रवासाला ती काढू नयेत, कारण मुंबईचे विमान तासभर उशिरा उतरले की सगळे मुसळ केरात.

पास आणि पासपोर्ट दोन्ही हाताशी हवेत. फलाटावर शिरताना अडवणारे फाटक नाही, तिकीट गाडीत तपासतात आणि पासावरचे नाव पासपोर्टशी ताडून पाहतात. पासाचा क्यूआर कोड फोनमध्ये साठवून ठेवा, एक प्रत कागदावरही असू द्या. बोगद्यात नेटवर्क जाते.

फिस्पपर्यंत: वेगाची वाट की डोंगराची

जर्मन उच्चार फिस्प, पण इंग्रजी अक्षरांत त्याची सुरुवात व्ही ने होते. अ‍ॅपवर शोधताना आणि फलक वाचताना हे ध्यानात ठेवा.

झुरिकहून बर्नमार्गे येणारी थेट गाडी साधारण दोन तासांत फिस्पला पोहोचते. ती २००७ साली सुरू झालेल्या ३४.६ किलोमीटर लांबीच्या लोट्शबर्ग पायथा-बोगद्यातून जाते. सोय मोठी, पण बराच वेळ खिडकीत फक्त आपलाच चेहरा.

हातात वेळ असेल तर बर्नहून जुन्या डोंगरवाटेने ब्रिगला जाणारी रीजिओ एक्स्प्रेस घ्या. श्पीत्सनंतर ती कांडरश्टेगपर्यंत वळसे घेत चढते, १९१३ सालच्या जुन्या बोगद्यातून पलीकडे निघते आणि गोपेनश्टाइननंतर रोन नदीच्या खोऱ्याच्या कडेकडेने उतरू लागते. या उताराला उजव्या बाजूला बसा. शेकडो मीटर खाली नदी, रस्ता आणि खेळण्यासारखी गावे दिसत राहतात. साधारण पाऊण तास जास्त लागतो. या गाडीने आलात तर फिस्पला न उतरता ब्रिगलाच बदला. ब्रिगला झरमॅटची लाल गाडी मुख्य इमारतीच्या आत नाही, समोरच्या चौकाच्या बाजूला असलेल्या रुळांवर उभी असते. इमारतीतून बाहेर आलो म्हणजे चुकलो असे वाटून लोक परत आत जातात. बाहेर यायचेच आहे. ब्रिगहून बसण्याचा आणखी एक फायदा: फिस्पची गर्दी चढण्याआधी खिडकी मिळते.

जिनिव्हाहून येणाऱ्यांनी लोझान, मोंत्रो, सियाँमार्गे फिस्प गाठावे. इथेही उजवी बाजू, कारण तळे उजवीकडे राहते आणि मोंत्रो सोडल्यावर पाण्यात पाय टाकून उभा असलेला शियाँचा किल्ला क्षणभर तिकडेच दिसतो.

ग्लेशियर एक्स्प्रेसचे काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. सेंट मॉरिट्झ ते झरमॅट सुमारे आठ तास, ९१ बोगदे, २९१ पूल आणि वाटेत २,०३३ मीटरवरची ओबरआल्प खिंड. गाडी आरामाची आहे यात शंका नाही. पण पास असला तरी तिचे आरक्षण सक्तीचे आणि वेगळ्या पैशांचे, ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत ती बंद, आणि छतापर्यंत गेलेल्या न उघडणाऱ्या काचांत समोरच्या सीटचे प्रतिबिंब पडते. त्याच रुळांवरून साध्या लाल गाड्याही धावतात. कूरहून डिझेंटिस, तिथून आंडरमॅट, तिथून ब्रिग किंवा फिस्प असे बदलत आलात तर आरक्षण लागत नाही आणि मध्ये हवे तिथे उतरता येते. लहान मुले आणि चार बॅगा असतील तर ग्लेशियर एक्स्प्रेस घ्या. नाहीतर साध्या गाड्यांनी या.

फिस्पला गाडी बदलणे

बदलायला बहुतेक वेळा दहा मिनिटांहूनही कमी वेळ मिळतो. तेवढा पुरतो, पण तयारी हवी. फिस्प यायच्या पाच मिनिटे आधी बॅगा दारापाशी आणा. फलाटावर पिवळ्या कागदावर सुटणाऱ्या गाड्या असतात, पांढऱ्यावर येणाऱ्या. पांढऱ्या कागदात गाडी शोधत उभे राहणारे प्रवासी दर तासाला दिसतात.

दुसरी चूक अधिक महागात पडते. फिस्पला एकाच कंपनीच्या सारख्याच लाल गाड्या दोन्ही दिशांना जातात: एक वर झरमॅटला, दुसरी ब्रिगमार्गे फीशला. लाल गाडी दिसली की चढायचे नाही. डब्यावरचा फलक वाचा, त्यावर झरमॅट असले पाहिजे.

मोठ्या बॅगा दारालगतच्या रिकाम्या जागेत उभ्या करता येतात. माणशी एक मध्यम बॅग ठेवलीत तर ही सगळी कसरत सुखाची होते. दोन मोठ्या बॅगा ओढत हे जमत नाही, आणि पुढे झरमॅटच्या चढावर तर मुळीच नाही.

जागा: उजवीकडे, गाडीच्या दिशेला तोंड करून. दरी दक्षिणेकडे जाते, म्हणून सकाळच्या गाडीत उजवीकडचे, म्हणजे पश्चिमेचे डोंगर उन्हात असतात आणि डावीकडचे सावलीत. दुपारनंतर हे उलटते.

३५ किलोमीटर, स्टेशनागणिक

फिस्प समुद्रसपाटीपासून ६५० मीटरवर, झरमॅट १,६०५ मीटरवर. सरासरी काढली तर साधारण ३७ मीटरला १ मीटर चढ, म्हणजे खंडाळ्याच्या बोरघाटात जो सर्वांत तीव्र चढ आहे तेवढा इथे सगळ्या वाटेचा सरासरी चढ. पण तो सारखा वाटलेला नाही. काही टप्पे जवळजवळ सपाट, आणि काही ठिकाणी ८ मीटरला १ मीटर. बोरघाटात मालगाडीला मागून बँकर इंजिने लावतात. इथे तेवढ्याने भागत नाही, कारण ओल्या रुळावर लोखंडी चाक घसरते.

म्हणून सहा ठिकाणी दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवली आहे. गाडीखालचे दातेरी चाक तिच्यात अडकते आणि गाडी जणू शिडी चढते. पट्टी एक नाही, शेजारी शेजारी दोन असतात, आणि एकीचा दात दुसरीच्या खाचेशेजारी येईल अशा त्या सरकवलेल्या असतात. एका पट्टीचा दात सुटायच्या आत दुसरीचा पकडलेला असतो, त्यामुळे गाडीला हिसके बसत नाहीत आणि पकड कधीच सुटत नाही. रोमान आब्ट या स्विस अभियंत्याची ही रचना. आपल्याकडे मेट्टुपालयम ते कुन्नूर निलगिरीच्या गाडीला हीच पद्धत आहे.

हे पाहता येत नाही, ऐकता येते. गाडी अचानक अगदी हळू होते. स्टेशन नसताना का थांबते आहे असे वाटते, तोच पायाखाली खट्‌ असा हलका धक्का बसतो आणि त्यापाठोपाठ दळण दळल्यासारखी एकसुरी घरघर सुरू होते. दात पकडले. चढ संपला की घरघर थांबते आणि गाडी पुन्हा मोकळी पळते. मुलांना सहा वेळा मोजायला सांगा, प्रवासभर दुसरा खेळ लागत नाही.

फिस्प सोडल्यावर पहिली काही मिनिटे दरी रुंद असते. वरच्या उतारांवर दगडी बांध घातलेले द्राक्षमळे दिसतात. या भागातल्या फिस्परटर्मिनेन गावचे मळे सुमारे १,१५० मीटरपर्यंत चढले आहेत आणि युरोपातल्या सर्वांत उंच मळ्यांत त्यांची गणना होते. श्टाल्डेन-सासला दोन नद्यांचा संगम आहे. डावीकडची दरी सास फेकडे जाते, आपली गाडी उजवीकडच्या दरीत शिरते.

इथून काल्पेट्रान आणि त्यापुढची किप्फेनची घळ हा सगळ्या वाटेतला सर्वांत अरुंद भाग. दोन्ही बाजूंना कातळ, खाली पांढरेफेक पाणी, आणि त्याला खेटून रूळ. फोन काचेला टेकवून धरा म्हणजे प्रतिबिंब येणार नाही. गडद रंगाचा अंगरखा असेल तर आणखी चांगले, पांढरा शर्ट काचेत उमटतो. काल्पेट्रानला क्षणभर वर पाहा: उजवीकडे कड्यावर चिकटवल्यासारखी घरे दिसतील ती एम्ब्ड गावाची. तिथे जायला इथूनच छोटी केबलकार आहे.

संक्ट निक्लाउसला १,१२७ मीटरवर दरी उघडते. चर्चच्या मनोऱ्यावर कांद्याच्या आकाराचा घुमट आहे, तो लांबूनच ओळखू येतो. हेरब्रिगेन सोडले की उजव्या खिडकीतून नजर हलवू नका.

उजवीकडे डोंगराचा एक अख्खा भाग नाही. कड्यावर फिकट रंगाची उघडी जखम, आणि तिच्या पायथ्याशी दरीत पसरलेला दगडमातीचा अवाढव्य ढिगारा. १८ एप्रिल आणि ९ मे १९९१ या दोन दिवशी इथे सुमारे तीन कोटी घनमीटर कातळ खाली आला. माणसे वाचली, पण रस्ता आणि रूळ गाडले गेले आणि नदी अडून वरच्या रान्दा गावात पाणी शिरले. आज गाडी ज्या रुळांवरून जाते ते त्यानंतर ढिगाऱ्याला वळसा देऊन नव्याने टाकलेले आहेत. काही सेकंदांतच हे दृश्य सरते. पण डोंगरात रेल्वे चालवणे म्हणजे काय, हे समजायला तेवढे सेकंद पुरतात. आपल्याकडे पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की तिकडची गाडी का रद्द होते, हे विचारणाऱ्या मुलांना हा ढिगारा दाखवावा.

लगेच पुढे रान्दा. मान वर करून उजवीकडे पाहिले तर व्हाइसहॉर्नच्या अंगावरून लोंबणारी हिमनदी दिसते. शिखर ४,५०० मीटरच्या वर, तुम्ही १,४०० वर, आणि मधले सगळे अंतर जवळजवळ सरळ उभे. रान्दाहूनच चार्ल्स क्वोनेन झुलत्या पुलाची वाट सुरू होते. २०१७ साली उघडलेला हा पूल ४९४ मीटर लांब आणि जेमतेम एक माणूस मावेल इतका अरुंद. वर जायला दोन-अडीच तासांचा खडा चढ आहे. सिंहगड एका दमात चढणाऱ्यांनाही इथे दम लागतो, कारण हवा विरळ आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी किंवा उंचीची भीती असणाऱ्यांनी हे टाळावे, अर्ध्या पुलावरून मागे फिरणे समोरून येणाऱ्यांमुळे कठीण होते.

टेशला मोटारीने आलेले लोक चढतात आणि गाडी भरते. इथून झरमॅट १२ मिनिटे. शेवटच्या चढावर बरेच बोगदे आणि हिमलोटांपासून बचाव करणाऱ्या काँक्रीटच्या छपऱ्या आहेत, त्यामुळे दृश्य तुकड्या-तुकड्यांनी मिळते. मॅटरहॉर्न गाडीतून मनसोक्त दिसेल ही अपेक्षा ठेवू नका. गाव येता येता उजवीकडे एखादी झलक मिळते, तेवढीच. तो बघायचा तो गावातून.

लहान स्टेशनांवर उतरायचे असेल तर दाराजवळचे बटण वेळेत दाबा. काही ठिकाणी गाडी मागितल्याशिवाय थांबत नाही.

गावात उतरल्यावर

हॉटेलला गाडीची वेळ आधी कळवा. अनेक हॉटेलांच्या छोट्या विजेच्या गाड्या स्टेशनवर येतात. कळवले नाही तर त्या येत नाहीत, आणि विजेवरची टॅक्सी वेगळी करावी लागते. हॉटेल निवडताना नकाशावरचे अंतर पाहून फसू नका, चढ पाहा. चारशे मीटर अंतर आणि साठ मीटर चढ हे बॅग ओढणाऱ्याला किलोमीटरभर वाटते. पैसे वाचवायचे असतील तर टेश, रान्दा किंवा संक्ट निक्लाउसला मुक्काम करा. टेशहून दिवसा दर वीस मिनिटांना गाडी आहे.

पण जमत असेल तर दोन रात्री झरमॅटलाच काढा. एका रात्रीत एकच पहाट मिळते, आणि ती ढगाळ निघाली तर डोंगर न पाहताच परतावे लागते. दोन रात्रींत संधी दुप्पट होते. पहाटे सूर्योदयाच्या वीस मिनिटे आधी चर्चजवळच्या पुलावर जाऊन उभे राहा. उन्हाची पहिली रेघ ४,४७८ मीटरच्या टोकावर तांबूस उमटते आणि सावकाश खाली सरकते. दुपारनंतर शिखराच्या मागे ढगाचे निशाण फडकू लागते, म्हणून जे काही पाहायचे ते सकाळी.

मुख्य रस्त्यापासून दोन पावलांवर जुनी वस्ती आहे, हिंटरडॉर्फ. लार्चच्या लाकडाची, उन्हाने काळी पडलेली कोठारे ठेंगण्या खांबांवर उभी आहेत. वाकून पाहा: प्रत्येक खांबाच्या डोक्यावर जात्याच्या पाळीसारखी चपटी गोल दगडी चकती, आणि तिच्यावर कोठार. उंदीर खांबावर चढतो, पण उलटे होऊन चकतीच्या काठावरून पुढे जाऊ शकत नाही. आपल्याकडे कणगीला शेणमाती लिंपतात ती त्याच शत्रूसाठी.

गोर्नरग्राट

स्टेशनसमोरचा रस्ता ओलांडला की गोर्नरग्राटच्या गाडीचे स्टेशन. १८९८ सालची ही गाडी सुमारे ३३ मिनिटांत ३,०८९ मीटरवर नेते. वर तारांकडे पाहा: एका ऐवजी दोन तारा आहेत, कारण ही गाडी तीन-फेजच्या विजेवर चालते आणि तिसऱ्या फेजचे काम रूळ करतात. उतरणारी गाडी ब्रेक लावताना वीज तयार करून परत तारांत सोडते.

क्रम असा ठेवा. सकाळी उठल्यावर आधी वेबकॅमवर शिखर पाहा. मोकळे असेल तरच तिकीट काढा, आदल्या दिवशी काढू नका. उन्हाळ्यात पहिल्या गाड्या सातच्या सुमारास असतात, त्यांतली एक धरा. नऊनंतर मोठे गट येतात. चढताना उजवीकडे बसा. थेट माथ्यापर्यंत जा, मोंटे रोझा हा डोंगर आणि खालची गोर्नर हिमनदी पाहा. परतताना एकच स्टेशन खाली रोटेनबोडेनला उतरा आणि दहा मिनिटे चालून रिफेलझे तळ्यावर जा. वारा नसेल तर मॅटरहॉर्न पाण्यात उलटा दिसतो. ऊन तापले की वारा सुटतो आणि प्रतिबिंब मोडते, म्हणून हे सकाळीच साधते. जूनच्या सुरुवातीपर्यंत तळे गोठलेले असू शकते. तिथून रिफेलबर्गपर्यंत उताराची सोपी वाट पाऊण-एक तासाची आहे, तिथे पुन्हा गाडी पकडा.

१,६०५ वरून अर्ध्या तासात ३,०८९ वर जाताना डोके जड होणे, धाप लागणे स्वाभाविक आहे. वर पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटे धावपळ नको, पाणी पीत राहा. डोके ठणकू लागले किंवा मळमळले तर पुढची गाडी पकडून खाली या. उतरणे हाच त्यावरचा उपाय. हृदयविकार असलेल्यांनी निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. जुलैतही वर स्वेटर, कानटोपी आणि काळा चष्मा लागतोच, बर्फावरून परतणारे ऊन डोळ्यांना भाजते.

खाण्याचे

स्टेशनसमोरच कूपचे दुकान आहे. ब्रेड, फळे, दही, चीज तिथून घेतले तर उपाहारगृहातल्या एका माणसाच्या जेवणाच्या खर्चात चौघांचे भागते. गाडीत खायला मनाई नाही. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, बाटल्या विकत घेऊ नका.

शाकाहारी लोकांनी 'व्हेगेटारिश' हा शब्द आणि 'ओने फ्लाइश', म्हणजे मांस नको, हे दोन शब्द पाठ करावेत. अंडे नको असेल तर 'ओने आयर'. बटाट्याचा रोश्टी मिळतो, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे घालण्याची पद्धत आहे, विचारून मागवा. वितळलेल्या चीजच्या फोंड्यूत पांढरी वाइन असते. आणि राक्लेटसारखी इथली पारंपरिक चीजे वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने विरजतात. कडक शाकाहारींना हे ठाऊक असलेले बरे.

घरून दशम्या, चटण्या, भाजके पोहे न्या, पण पेढे, खवा, तूप, मांसाहारी लोणचे नको. युरोपाबाहेरून दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये आणायला बंदी आहे.

वाट बंद झाली तर

हे होते. जानेवारी २०१८ मध्ये प्रचंड बर्फामुळे रेल्वे आणि रस्ता दोन्ही बंद पडले, सुमारे १३,००० पर्यटक गावात अडकले आणि काहींना हेलिकॉप्टरने काढावे लागले. जून २०२४ च्या पुराने आणि एप्रिल २०२५ च्या बर्फवृष्टीनेही वाट अडली. दरी एकच, रूळ एकच. दुसरा मार्ग नाही.

म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री झरमॅटला राहू नका. शेवटची रात्र झुरिक किंवा जिनिव्हाजवळ काढा. हे एवढे एकच पाळले तरी मोठे नुकसान टळते. निघण्याच्या सकाळी एसबीबीच्या अ‍ॅपवर आपली गाडी उघडून पाहा, त्यात अडथळा लाल खुणेने दिसतो. वाट अर्धवट बंद असेल तर फिस्प, संक्ट निक्लाउस किंवा टेशपासून पर्यायी बस लावतात आणि तिला तेच तिकीट चालते. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे पुढची चुकली तर घाबरू नका: दोष रेल्वेचा असल्याने पुढच्या गाडीने जाता येते, सुपरसेव्हर असले तरी. तिकीट तपासनिसाला दोन्ही गाड्या दाखवा.

उतरताना डावीकडे बसा, म्हणजे रान्दाचा ढिगारा आणि व्हाइसहॉर्न पुन्हा त्याच बाजूला येतील. फिस्पला पुढच्या गाडीत धावत चढण्याऐवजी एक गाडी सोडलीत तरी चालेल. तासाभरात दुसरी असते.